‘चूज अ लायसन्स’: निवडायला उत्तम, बदलायला अपुरी

नव्या प्रोजेक्टचा कोड सगळ्यांसाठी खुला करायचाय आणि लायसन्स, म्हणजे तो वापरण्याच्या अटी, कोणतं ते ठरत नाहीये, तर कोड ठेवायची साइट असलेल्या गिटहबने 2013 साली सुरू केलेली ‘चूज अ लायसन्स’ ही साइट आधी उघडा. पहिल्याच पानावर तीन वाटा दिसतात. दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमध्ये भर घालत असाल तर त्यांचंच लायसन्स घ्या, कमीत कमी अटी हव्या असतील तर एमआयटी, आणि बदल करून पुढे वाटणाऱ्याने सोर्सही द्यावा असं वाटत असेल तर जीपीएल 3. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

सगळ्यात मोलाचं पान आहे ते लायसन्सच न लावण्याबद्दलचं. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो कुणीही वापरावा असं होत नाही, हे तिथे स्वच्छ सांगितलंय. फॉन्टसाठी एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सही सुचवलंय. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फॉन्ट त्याच लायसन्सखाली आहे.

घोटाळे होतात ते साइटवरून लायसन्सचा मजकूर उचलल्यानंतर. एमआयटीमधल्या चौकटी कंसात वर्ष आणि नाव भरायचं राहून जातं. लायसन्स फाइलमध्ये स्वतःच्या चार ओळी घातल्या की गिटहबला लायसन्स ओळखता येत नाही. खुलासा रीडमी या माहितीच्या फाइलीत लिहा, लायसन्सची फाइल जशीच्या तशी ठेवा. एनपीएमचं (जावास्क्रिप्टचा कोड वाटायच्या साधनाचं) पॅकेज असेल तर पॅकेज जेसन ही त्याच्या माहितीची फाइलही तपासा. ‘एनपीएम इनिट’ ही कमांड तिथे आपोआप आयएससी हे लायसन्स लिहून ठेवते आणि दोन फाइली दोन वेगळी लायसन्स सांगू लागतात.

तुलनेचा तक्ता छान आहे, पण कोणतं लायसन्स कोणाशी जुळतं हे त्यावरून कळत नाही. अपाची 2.0 या लायसन्सचा कोड जीपीएल 3 च्या प्रोजेक्टमध्ये चालतो. ‘फक्त जीपीएल 2, पुढची आवृत्ती नाही’ असं असलेल्या प्रोजेक्टमध्ये मात्र नाही. अपाचीतल्या पेटंटच्या अटी आड येतात.

लायसन्स बदलायचं असेल तर या साइटवर विसंबू नका. आधी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या ‘गिट शॉर्टलॉग’ या कमांडला एस, एन, ई हे पर्याय देऊन योगदान देणाऱ्यांची यादी काढा. कमिटच्या, म्हणजे एकेका बदलाच्या नोंदीच्या, तळाशी लिहिलेले सह-लेखक त्यात येत नाहीत, ते वेगळे शोधा. कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडेच असेल, तर जीपीएलवरून एमआयटीवर जाताना प्रत्येकाचा लेखी होकार हवा. होकार मिळाला नाही तर तेवढा कोड काढून नव्याने लिहायचा. याला वेळ लागतो: ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रोजेक्टने 2017 मध्ये योगदान देणाऱ्यांकडे संमती मागितली, अपाची 2.0 लायसन्सखालची त्यांची 3.0 आवृत्ती आली 2021 मध्ये. उलट दिशा सोपी: एमआयटीचा कोड जीपीएलखाली नेता येतो, फक्त मूळ कॉपीराइट सूचना आणि एमआयटीचा मजकूर काढायचा नाही.

आणि जुन्या आवृत्त्या जुन्याच लायसन्सवर राहतात. सर्व्हर उभारायचं साधन असलेलं टेराफॉर्म ऑगस्ट 2023 मध्ये एमपीएल 2.0 हे खुलं लायसन्स सोडून व्यावसायिक वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर गेलं, तेव्हा एमपीएलखालचा जुना कोड घेऊनच ओपनटोफू हा वेगळा प्रोजेक्ट उभा राहिला. म्हणून लायसन्स बदलण्याच्या कमिटआधी टॅग (त्या आवृत्तीची खूण) लावा, आणि कोणत्या आवृत्तीपासून नवं लायसन्स लागू आहे ते चेंजलॉग या बदलांच्या यादीत नोंदवा.