मेथी, कारलं आणि आईच्या तळपायाची जखम : सात महिन्यांनंतर

आईला १४ वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू असूनही मार्चमध्ये एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.९ आलं आणि आम्ही घरगुती उपायांकडे वळलो. गोळ्या मात्र बंद केल्या नाहीत.

टिकली ती मेथी. रात्री दोन चमचे दाणे भिजत घालायचे, सकाळी चावून खायचे. पहिला आठवडा पोट गुबारलं, घामालाही मेथीचा वास यायचा. भिजल्यावर दाण्याला जो बुळबुळीतपणा येतो, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. ऑक्टोबरमध्ये एचबीएवनसी ७.६. पण रात्रीचा भातही निम्मा झाला होता, म्हणून सगळं श्रेय मेथीला देत नाही. जांभळाच्या बियांच्या पुडीने दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही.

कारल्याचा रस मात्र अंगाशी आला. पाचव्या सकाळी आईला दरदरून घाम, हात थरथरतायत, मीटरवर साखर फक्त ६२! साखरपाणी पाजलं तेव्हा सावरली. रस आणि ग्लिमेपिराइड दोन्ही साखर उतरवतात, हे मी आधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. आता फक्त भाजी खातो.

खरं सांगायचंय ते जखमेबद्दल. एप्रिलमध्ये आई अनवाणीच गच्चीवर कुरडया घालत होती. तापलेल्या फरशीचा चटका तिला कळलाच नाही. शुगरने तळपायाची संवेदना गेली होती. फोड फुटला, तिने हळद-तूप लावून फडकं बांधलं. दुखत नाही म्हणून आम्हीही निर्धास्त. हळदीच्या पिवळेपणात पू दिसलाच नाही. दहाव्या दिवशी वास आला, तेव्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली, अँटिबायोटिक दिलं आणि त्या पायावर भार टाकायचाच नाही म्हणून बजावलं. सर्वांत अवघड तेच होतं. आई स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून मी ११ आठवडे पोळ्या लाटल्या. पुढे मधाची पट्टीही लावली. पण तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नव्हे. घरचा मध उघड्या जखमेवर कृपा करून लावू नका.

जखम भरली. रोज रात्री मी बॅटरी घेऊन तिचे तळवे, बोटांच्या बेचक्या बघतो. ती म्हणते, "पुरे रे आता." मी दुसरा पाय उचलतो.