लाल म्हणजे शुद्ध रक्त नव्हे (लातूरचं एक सोनोग्राफी सेंटर, ५ पैकी ३ स्टार)

मायच्या पायाची डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते रंगात दाखवणारी सोनोग्राफी) करायला औशाहून लातूरला गेलो. सेंटर गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. वेळ दिली नऊची, नंबर लागला पावणेबाराला. शुगरची पेशंट, तिला जेवू घालू का, असं काउंटरवर विचारलं तर "डॉक्टर सांगतील." डॉक्टर आत! या तपासणीला उपाशी राहावंच लागत नाही, हे नंतर कळलं. दोन स्टार इथंच कापले.

आतले डॉक्टर मात्र भला माणूस. त्यांनी स्क्रीन मायकडं वळवली. तिनं विचारलं, "लाल चांगलं अन् निळं खराब का ओ?" मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो, माझ्याही मनात तेच होतं. डॉक्टरांनी प्रोब, म्हणजे पायावर फिरवायचा तो दांडा, उलट्या बाजूला कलता केला आणि तीच नस लालची निळी झाली. लाल म्हणजे प्रोबकडं येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. मनातल्या मनात कान धरले.

मग ऑक्सिजन कुठवर पोचतो ते कसं कळायचं? ते सांगतो बोटाला लावलेला चिमटा, पण प्रकाशावर, आणि नुसता आकडा. चित्र नाही. मोबाईलच्या टॉर्चवर तळहात धरून बघा: लाल उजेड दिसतो, हाड दिसत नाही. मांसात प्रकाश विखुरतो, आवाज त्यामानानं फारच कमी. म्हणून प्रकाश नि आवाज दोघांची जोडी लावायची, डॉक्टर म्हणाले. लेसरचा अतिसूक्ष्म ठोका आत सोडायचा. हिमोग्लोबिन तो शोषतं, किंचित तापतं, प्रसरण पावतं आणि आवाज करतं. प्रोबनं तो फक्त ऐकायचा. दोन वेगळ्या तरंगलांबी वापरल्या की ऑक्सिजन असलेलं नि नसलेलं रक्त वेगळं ओळखू येतं, तेही काही सेंटिमीटर खोलवर. खंडित प्रकाशातून आवाज निघतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८० मध्येच ऐकलं होतं. ७५७ आणि १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालणाऱ्या अशा एका मशीनला स्तनातल्या गाठींसाठी अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

"इथं आहे का?" मी विचारलं. डॉक्टर नुसते हसले. माय म्हणाली, "माझ्या पायात उजेड पाडायला अमेरिकाच लागतीय होय!"

रिपोर्ट वीस मिनिटांत मिळाला. जेल पुसायला टिश्यू दोनच देतात, घरून जुना टॉवेल न्या.