एकाच रात्रीची चार रेकॉर्डिंग्ज : कोणतं ठेवायचं?

एखाद्या बँडचा नाद लागला की अल्बम ऐकून संपतात. मग कोणीतरी सांगतं, अमक्या दौऱ्यातली अमकी रात्र ऐकच. आपण शोधायला जातो आणि त्या एकाच रात्रीची चार रेकॉर्डिंग्ज समोर येतात. एकावर ‘ऑडियन्स’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘साउंडबोर्ड’, तिसऱ्यावर ‘एफएम’, चौथ्यावर ‘मॅट्रिक्स’. शिवाय कंपनीने काढलेला लाइव्ह अल्बम असेल तर तो वेगळाच. नवखा माणूस इथे हमखास साउंडबोर्ड उचलतो, कारण ‘सगळ्यात स्वच्छ तेच’ असं त्याच्या कानावर आलेलं असतं. मीही तेच करत होतो. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की जमवलेल्यातलं निम्मं मी दुसऱ्यांदा लावतच नाही. स्वच्छ होतं, पण त्यात ती रात्र नव्हती.

निवडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी, आपण हे जमवतो कशासाठी? स्टुडिओतलं गाणं मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवता येतं. मंचावरचं एकदाच होतं. काल सात मिनिटांत संपलेलं गाणं आज वीस मिनिटं चालतं, गायक मध्येच एक कडवं बदलतो, अल्बमवर यायला अजून वर्ष असलेलं गाणं अर्धवट शब्दांनिशी वाजवून बघतो. ते कोणी टिपलं नाही तर गेलंच. ही ओढ रॉकपेक्षा कितीतरी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी 1901 ते 1903 या काळात चालू प्रयोगांतलं गाणं मेणाच्या सिलिंडरवर उतरवून घेतलं. ज्याँ द रेश्के या त्या काळच्या मोठ्या गायकाचा मंचावरचा आवाज आज कानावर पडतो तो त्या खरखरीतूनच. पुढे 1947-48 मध्ये डीन बेनेडेट्टी चार्ली पार्कर या जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या मागे रेकॉर्डर घेऊन क्लबोक्लबी फिरला. पार्करचा सोलो संपला की तो बऱ्याचदा यंत्र बंद करायचा, त्यामुळे बाकीच्यांचं वाजवणं त्यात फारसं नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आपल्याला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘बूटलेग’ हा शब्द मूळचा दारूच्या चोरट्या व्यापारातला, उंच बुटात बाटली लपवण्यावरून आलेला. रॉकच्या दुनियेत तो परवानगीशिवाय काढलेल्या रेकॉर्डिंगसाठी रुळला तो 1969 पासून. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलनची अप्रकाशित गाणी कोऱ्या पांढऱ्या कव्हरात घालून कोणीतरी विकायला काढली. लोक त्या तबकडीला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हणू लागले.

ऑडियन्स रेकॉर्डिंग

प्रेक्षकांत बसून, स्वतःच्या माइकवर केलेलं ते ऑडियन्स रेकॉर्डिंग. यात चांगलं आणि वाईट यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की नुसत्या नावावरून काहीच ठरवता येत नाही. कोपऱ्यात, बाल्कनीखाली बसून खिशातल्या रेकॉर्डरवर केलेलं असेल तर बास नुसता घुमतो आणि शब्द चिखलात रुततात. पण मधोमध, स्पीकरांच्या दोन्ही रांगांपासून सारख्या अंतरावर, डोक्यांच्या वर चांगले माइक असतील तर सभागृहात जे ऐकू आलं तेच मिळतं. 9 नोव्हेंबर 1969 ला ओकलंडमध्ये झालेला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम असाच प्रेक्षकांतून टिपला गेला. त्याची तबकडी इतकी सरस निघाली की वाखाणणी संगीताच्या छापील नियतकालिकांतूनही झाली.

या कलेतला माझ्या लेखी सर्वांत मोठा माणूस माइक मिलार्ड. लॉस एंजेलिसच्या या टेपरचा, म्हणजे कार्यक्रम टेप करणाऱ्याचा, नाकामिची 550 हा कॅसेट डेक चांगलाच अवजड, खिशात मावणारा नव्हे. तो आत न्यायला मिलार्ड व्हीलचेअरवर बसून यायचा. 21 जून 1977 ची लॉस एंजेलिस फोरममधली लेड झेपलिनची त्याची टेप जरूर ऐका. ड्रमचा ठोका आधी थेट येतो, मग त्या प्रचंड हॉलची भिंत तो परत पाठवते, आणि हॉल केवढा असेल ते डोळे मिटूनही कळतं. साउंडबोर्डमध्ये ती भिंतच नसते.

ऑडियन्स टेपचे दोषही बिनदिक्कत सांगतो. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची. ती उलटायच्या नेमक्या वेळी गाणं चालू असेल तर मधले काही सेकंद कायमचे गेले. रेकॉर्डरची बॅटरी उतरत आली की फीत हळू फिरते, आणि नीट यंत्रावर वाजवली की सगळं भरभर आणि चढ्या सुरात ऐकू येतं. असं पुष्कळदा कोणीतरी नंतर दुरुस्त केलेलं असतं. ज्याला इलाज नाही तो शेजाऱ्याच्या गप्पांचा. मंचावर एकटा गिटारवाला हळुवार वाजवतोय आणि माइकपासून दोन हातांवर कोणीतरी गाडी कुठे लावली ते सांगतोय, अशी एक टेप माझ्याकडे आहे. त्या रात्री ते गाणं फार सुंदर झालं होतं. मी ती अजून टाकलेली नाही.

साउंडबोर्ड

ध्वनिनियंत्रकाच्या टेबलावरून थेट वायरीने घेतलेला आवाज म्हणजे साउंडबोर्ड. गप्पा नाहीत, प्रतिध्वनी नाही, प्रत्येक वाद्य वेगळं. यात कुठे फसगत होते ते नीट समजून घ्या, कारण कोणी फारसं सांगत नाही. टेबलामागचा माणूस टेपसाठी नाही, हॉलसाठी आवाज जुळवत असतो. लहान जागेत ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर मंचावरूनच दणदणीत ऐकू येतात, म्हणून तो ते स्पीकरांतून थोडेच सोडतो आणि गायकाचा आवाज चढवतो. टेपवर येतं ते त्याचं टेबल. गायक कानात ओरडतोय, गिटार शेजारच्या खोलीत आणि ड्रम पुठ्ठ्याचे. जागा जितकी मोठी तितका हा तोल सुधारतो, कारण तिथे सगळंच स्पीकरांतून जावं लागतं. म्हणून माझा साधा नियम असा आहे. छोट्या क्लबमधला कार्यक्रम असेल तर साउंडबोर्डवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. स्टेडियम किंवा मोठा हॉल असेल तर त्याला आधी संधी द्या.

ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या 8 मे 1977 च्या रात्रीचं एवढं कौतुक का होतं, तेही यातूनच कळतं. बेटी कँटर-जॅक्सन यांनी ते रेकॉर्डिंग हॉलच्या मिश्रणावर अवलंबून न राहता खास टेपसाठी स्वतंत्र तोल साधून केलं. त्यांच्या टेप्सचा मोठा साठा 1986 मध्ये गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात निघाला, तिथून तो चाहत्यांच्या हाती फिरला. कॉर्नेलचं रेकॉर्डिंग 2011 सालच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं आणि अधिकृतपणे बाजारात आलं ते थेट 2017 मध्ये. चाळीस वर्षं ती रात्र चाहत्यांनीच जपली.

तरी साउंडबोर्डमध्ये एक उणीव राहतेच. गाणं संपतं आणि टाळ्या लांब कुठल्यातरी नळातून आल्यासारख्या येतात. गायक विनोद करतो आणि हसणारं कोणी नाही. शांतता आहे, पण ती श्वास रोखून बसलेल्या लोकांची नाही.

एफएम आणि मॅट्रिक्स

रेडिओवरून थेट प्रक्षेपित झालेल्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग बहुधा ऐकायला सोपं असतं. रेडिओसाठी वेगळा तोल साधलेला असतो आणि प्रेक्षकांसाठीही माइक लावलेले असतात. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे 1978 चे काही कार्यक्रम असे प्रक्षेपित झाले. लॉस एंजेलिसच्या रॉक्सीमधून तर त्याने बूटलेगवाल्यांना टेप सुरू करायला स्वतःच सांगितलं. मर्यादा दोन. एफएमवर साधारण 15 किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज पोहोचत नाही, आणि प्रसारणाआधी लहान-मोठे आवाज एका पातळीवर दाबले जातात, त्यामुळे हळू गाणं आणि जोरकस गाणं यातला फरक कमी होतो. ‘प्री-एफएम’ म्हणजे प्रसारणापूर्वीच्या टेपवरून केलेली प्रत मिळाली तर तीच घ्या.

मॅट्रिक्स म्हणजे साउंडबोर्ड आणि ऑडियन्स यांची जुळवणी. ऐकायला सोपी वाटते, करायला महाकठीण. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. टेपर मंचापासून 34 मीटरवर असेल तर त्याच्या माइकपर्यंत ठोका पोहोचायला दशांश सेकंद लागतो, वायरीतून मात्र तोच ठोका लगेच आलेला असतो. दोन्ही तसेच एकत्र केले तर प्रत्येक ड्रम दोनदा वाजतो. एक ट्रॅक सरकवून सुरुवात जुळवली तरी काम संपत नाही, कारण दोन यंत्रं अगदी एकाच गतीने कधीच चालत नाहीत. डिजिटल रेकॉर्डरमध्येसुद्धा दोन तासांच्या शेवटी पाव सेकंदाचा फरक पडू शकतो, कॅसेटमध्ये तर कितीतरी जास्त. म्हणून मॅट्रिक्स पारखायचं असेल तर पहिलं गाणं नको, शेवटचं ऐका. तिथेही ठोका एकच आणि टणक येत असेल तर करणाऱ्याने रात्री जागवल्या आहेत, बिनधास्त ठेवून घ्या. चांगलं मॅट्रिक्स मिळालं तर मी दुसरं काही शोधत नाही. फक्त तशी फार थोडी आहेत.

मग अधिकृत अल्बमच का नको?

मिळत असेल तर जरूर घ्या, आणि पैसे देऊनच घ्या. कलाकारांनी चाहत्यांची ही भूक केव्हाच ओळखली आहे. फ्रँक झॅपाने 1991 मध्ये दुसऱ्यांनी काढलेले स्वतःचे बूटलेगच जसेच्या तसे अधिकृत करून विकले. त्याच वर्षी डिलनची ‘बूटलेग सीरीज’ सुरू झाली. पर्ल जॅमने 2000 च्या दौऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या कार्यक्रमांचे मिळून 72 डबल अल्बम काढले. युरोपातल्या कायद्याचाही यात हात आहे. पन्नास वर्षांत प्रसिद्ध न केलेल्या रेकॉर्डिंगवरचं संरक्षण तिथे संपतं, प्रसिद्ध केलं तर सत्तर वर्षांपर्यंत वाढतं. बीटल्सची 1963 मधली जुनी रेकॉर्डिंग्ज 2013 च्या डिसेंबरमध्ये अचानक विक्रीला आली ती यामुळेच.

अडचण एवढीच की बऱ्याच लाइव्ह अल्बमांत ती रात्र जशीच्या तशी नसते. चुकलेला सूर स्टुडिओत बदलतात, तीन शहरांतली गाणी एकत्र शिवतात, गाण्यांमधलं बोलणं कापतात. बूटलेगमध्येही खोटेपणा असतो, पण तो वेगळ्या जातीचा, चुकीच्या लेबलांचा. डिलनची 17 मे 1966 ची मँचेस्टरमधली कॉन्सर्ट कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरली. 1998 मध्ये अधिकृत अल्बम निघाला तेव्हा ते चुकीचं नाव इतकं रुळलं होतं की अवतरणचिन्हांत का होईना, मुखपृष्ठावर ठेवावं लागलं. प्रेक्षकांतून कोणीतरी डिलनला ‘जूडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणून हाक मारली ती याच रात्री. त्या एका हाकेसाठी लोकांनी ही टेप तीस वर्षं हातोहात नेली.

विकत मिळणाऱ्या चोरट्या सीडी मात्र घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. बहुतेक वेळा चाहत्यांमध्ये फुकट फिरणारी टेपच त्यात छापलेली असते. पैसा ना कलाकाराला मिळतो, ना टेप करणाऱ्याला. कलाकाराच्या परवानगीशिवाय केलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग विकणं अमेरिकेत 1994 च्या कायद्यापासून सरळसरळ गुन्हा आहे. याउलट ग्रेटफुल डेडने ऑक्टोबर 1984 पासून टेपरांसाठी वेगळ्या जागाच राखून ठेवल्या, अट एकच, विकायचं नाही. इंटरनेट आर्काइव्हवर त्यांचे हजारो कार्यक्रम आहेत. साउंडबोर्ड तिथे नुसते ऐकता येतात, ऑडियन्स टेप्स उतरवूनही घेता येतात. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या प्रकारात असेल तर घ्या, एमपी३ वरून पुन्हा फ्लॅक केलेली असेल तर सोडा. सोबतच्या मजकुरात कोणता माइक, कोणतं यंत्र, कितवी प्रत हे सगळं लिहिलेलं असेल तर निम्मं काम झालं. कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक वेळी फितीची सूंसूं वाढते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीच्या साउंडबोर्डपेक्षा मूळ टेपवरून घेतलेलं ऑडियन्स रेकॉर्डिंग सहज वरचढ ठरतं.

गिटारवर ते गाणं बसवायचं असेल, एकेक सूर ऐकायचा असेल तर साउंडबोर्ड घ्या. गाडीत किंवा कामाच्या नादात लावायचं असेल तर एफएम. पण तुम्ही त्या रात्री तिथे होता, किंवा असायला हवं होतं असं मनापासून वाटत असेल, तर ऑडियन्स टेप शोधा आणि पारखताना सुरुवातीची दोन गाणी सोडून द्या. तेवढ्या वेळात टेबलावरचा माणूस आणि टेपर दोघेही आपापला आवाज जुळवत असतात. तिसऱ्यापासून ऐका. एखादं हळू गाणं निवडा आणि त्याचा शेवटचा सूर विरेपर्यंत थांबा. पहिली टाळी पडण्याआधी एक-दोन क्षण काहीच वाजत नाही. तेवढ्यात कुठेतरी खुर्ची करकरते, कोणीतरी हळूच श्वास सोडतं. ते ऐकू आलं तर ती टेप ठेवा.