खान्देशात घरासाठी आणि फिरण्यासाठी चाकू: लोहाराची सुरी, घडीचा की सरळ पात्याचा?

एकच चाकू घ्यायचा असेल, तर साधारण १० सेंटिमीटर पात्याचा, घडी न होणारा, स्टेनलेसचा घ्या. रोज शेतात राबणाऱ्याने मात्र आठवडे बाजारातली लोहाराची सुरीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

लोहाराकडची चांगली सुरी बऱ्याचदा गाडीच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेली असते. हे कार्बन पोलाद. धार गेली की दगडावर थोडा वेळ घासायची, लगेच चालायला लागते; बांधावर बसूनही हे काम होतं. पण रावेर-यावलच्या केळीच्या बागेत हीच सुरी नेली की चीक लागून पातं काळं पडतं, कारण चिकातलं टॅनिन लोखंडाला धरतं. या काळेपणाने काही बिघडत नाही. लिंबू चिरून सुरी तशीच ओली ठेवली तर मात्र तांबूस गंज चढतो आणि तो धार खातो. काम झालं की पुसून तेलाचं बोट फिरवायची सवय असेल, तर ही सुरी वर्षानुवर्षं साथ देते.

स्टेनलेसला चीक, लिंबू, पावसाळा यांचा त्रास कमी. धार लावायला मात्र वेळ जास्त लागतो, आणि स्वस्तातल्या स्टेनलेसचं पातं इतकं मऊ असतं की धार टिकतच नाही. विकत घेताना रॉकवेल कठीणपणा (पोलाद किती कठीण ते सांगणारा आकडा, HRC) ५६ च्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त लिहिलेला पाहा.

आता घडीचा की सरळ? हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत ठरला की फरक लगेच दिसतो. वांग्यांना टोचे मारायचे, तेलाचा हात लावायचा, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, मग पातीचा कांदा आणि मिरच्या चिरायच्या. एवढ्यात घडीच्या चाकूच्या सांध्यात राख, गर आणि माती जाऊन बसते. सरळ पात्याचा चाकू तांब्याभर पाण्यात स्वच्छ होतो, आणि जोर लावताना पातं बोटांवर मिटण्याची भीती नाही. स्वीडनचा मोरा कंपॅनियन या कामाला उत्तम: पातं १०.४ सेंटिमीटर, जाडी २.५ मिलिमीटर, म्यान सोबत. जाड पात्याचे 'जंगल' चाकू दिसायला भारदस्त, पण त्यांनी टोमॅटो चिरला जात नाही, चेंगरतो. लाकूड फोडायला कोयता न्या.

घडीचा चाकू खिशात मावतो, प्रवासात फळं कापायला सोयीचा. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या चाकूंत पातं अडकवणारं कुलूप नसतं, म्हणून टोचायचं काम त्याने करू नका. फ्रान्सच्या ओपिनेल ८ नंबरला फिरवून बसवायची कडी असते. मुलांच्या हाती द्यायचाच असेल तर हा द्या, तोही समोर बसून.

सातपुड्यात जाणाऱ्यांनी कायदा आधी पाहावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये हत्याराच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि यावल किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. तिथे चाकू घरीच राहू द्या. फळं आधीच चिरून डब्यात घ्या. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला शस्त्र परवान्याचा नियम लागतो. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. फिरायला एवढं मोठं पातं लागतही नाही.

दुकानात चाकू हातात घेतला की धार वर करून उजेडाकडे धरा. जिथे पांढरी रेघ चमकते, तिथे धार बोथट आहे. घडीचा असेल तर उघडून पातं आडवं हलवून पाहा. खिळीपाशी डुगडुगत असेल तर परत ठेवा. सरळ पात्याच्या चाकूची मूठ ओल्या हाताने धरून बघा, निसटली तर तो घेऊ नका. आणि त्याच फेरीत धार लावायचा दोन बाजूंचा दगडही घ्या, एक बाजू खरबरीत, एक बारीक.