२ फुटी प्लांटेड टँकवर २४ वॅटची आरजीबी लाइट: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली काचेची टाकी. माझी टाकी २४ × १२ × १५ इंच, माती-दगड सोडून साधारण ६० लिटर पाणी. सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वायू) नाही. झाडं अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया आणि मागे रोटाला रोटुंडिफोलिया. लाइट अॅल्युमिनियम बॉडीची, पांढऱ्यासोबत लाल-हिरव्या-निळ्या एलईडी, वायरवर डिमर.

रंग नाद खुळा दिसतात. साध्या पांढऱ्या ट्यूबखाली फिकी वाटणारी रोटाला इथे गुलाबी दिसते. पण हा फायदा मुख्यतः आपल्या डोळ्यांचा. झाडं ६५०० केल्विनच्या (म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या) साध्या एलईडीवरही चांगली वाढतात. फक्त अनुबियास-फर्न ठेवायचे असतील तर १० वॅटची एक २ फुटी बॅटनही (घरात लावतात ती एलईडी पट्टी) भरपूर होते. मात्र बॅटन वॉटरप्रूफ नसते, खाली काच हवीच.

खरी अडचण जास्त उजेडाची. या लाइटचे पूर्ण पॉवरवर २००० च्या आसपास ल्युमेन (उजेडाचं माप) म्हणजे लिटरमागे ३३. सीओटू नसेल तर १५ ते २० पुरतात. पूर्ण पॉवरवर झाडांना उजेड मिळतो, कार्बन मिळत नाही, आणि उरलेल्याचं शेवाळ होतं. पहिला मार अनुबियासला, कारण त्याचं एकेक पान महिनोन्‌महिने टिकतं आणि हिरवे ठिपके धरायला निवांत वेळ मिळतो. डिमर ५०-६० टक्क्यांवर, लाइट काचेच्या ४ इंच वर आणि दिवसाला ६ तास, यावर गाडी रुळावर येते. बदल एकावेळी एकच करा आणि दोन आठवडे थांबा. नव्या टाकीतला तपकिरी थर मात्र लाइटच्या नावावर खपवू नका, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, बहुधा आपोआप जातो.

टायमरवर पैसे वाचवू नका. चाकाचा मेकॅनिकल टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. दुपारी ३ तास वीज नसली तर संध्याकाळी ४ ची लाइट ७ ला लागते, आणि पुन्हा जुळवेपर्यंत तसंच चालतं. वायरवरचे ३-६-१२ तासांचे टायमर तर बऱ्याचदा वीज आल्या क्षणापासून नव्याने मोजायला लागतात. बॅटरी बॅकअपचा डिजिटल घ्या.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की ५ तासांवर या, तेही संध्याकाळी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्रास वेगळा: हवेत दमटपणा, लाइटच्या काचेवर सतत वाफ, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर. उजेड हळूहळू घटतो, कळत नाही. महिन्यातून एकदा लाइट बंद करून, प्लग काढून, पांढऱ्या व्हिनेगरच्या कापडाने पुसा. आणि दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन टाकीवर येऊ लागतं. पाणी हिरवं झालं तर आधी पडदा तपासा, डिमर नंतर.

मोंटे कार्लो या तळाशी पसरणाऱ्या बारीक पानांच्या झाडाचा गालिचा या सेटिंगवर होणार नाही. ते आडवं पसरण्याऐवजी वर चढतं. त्याला उजेड वाढवावा लागेल, मग सीओटूही आलाच.

अॅडॅप्टर टाकीच्या पातळीच्या वर ठेवा, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. अॅडॅप्टर जळाला तर नवा तेवढ्याच व्होल्टचा, निदान तेवढ्याच अँपिअरचा आणि प्लस-मायनस जुळणारा घ्या.