फोल्डस्कोप: खाडीचं पाणी बघायला शाळेला पुरतो का?

मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये घडवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक. त्याचा शोधनिबंध 2014 साली आला. वस्तू 140 पट मोठी दिसते, आणि वीज न लागता थेट जेटीवर वापरता येतो. आठवी ते बारावीच्या मुलांना समुद्रातले डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशी शैवाल) दाखवायला याहून सोयीचं साधन आम्हाला माहीत नाही. जिवंत कोपेपॉडसाठी (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव) मात्र घेऊ नका. तो झटके देत पळतो आणि नजरेतून सारखा निसटतो. त्यासाठी पांढरी बशी आणि 10 पट दाखवणारं साधं भिंग बरं.

जुळणी आठवीतलं मूल सूचना बघत करू शकतं. कागदावर लेप असतो, त्यामुळे तो पाण्यानं फाटत नाही. खरी अडचण स्लाइडची. कव्हरस्लिपची, म्हणजे थेंबावरच्या पातळ काचेची, बाजू भिंगाकडेच हवी. उलटी सरकवली तर मध्ये सुमारे 1 मि.मी. जाडीची काच येते आणि काही केल्या फोकस होत नाही. मुलं अशा वेळी भिंग खराब आहे असं समजतात.

आणि नुसता फोल्डस्कोप घेऊन भागत नाही, पाणी गाळून जीव गोळा करायला जाळी हवीच. बादलीतल्या पाण्याचा थेंब ठेवला तर बहुतेक वेळा रिकामं वर्तुळ दिसतं. जाळीसाठी स्क्रीन प्रिंटिंगचं कापड चालतं, पण नंबर सेंटिमीटरचा की इंचाचा हे दुकानदाराला विचारून घ्या. सेंटिमीटरला 77 धागे म्हणजे साधारण 75 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं, कोसिनोडिस्कससारख्या मोठ्या डायटमसाठी ठीक. 120 धाग्यांची छिद्रं 50 मायक्रॉनच्या आत येतात. तोच 120 इंचाचा निघाला तर छिद्रं दुपटीहून मोठी आणि निम्मा माल खालून जातो. 25 सें.मी.च्या कड्याला कापडाचा शंकू शिवायचा, टोकाला 100 मि.लि.ची बाटली बांधायची. होडी असेल तर जाळी मागे ओढायची, नसेल तर 10 लिटरच्या दहा बादल्या जाळीतून ओता. 100 लिटरमधलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) 100 मि.लि.त येतं, म्हणजे हजारपट दाट.

वेळ भरती पूर्ण होत आल्याची धरा. ओहोटीचं पाणी खाडीचा गाळ घेऊन येतं, जाळी तुंबते आणि स्लाइडवर नुसता तपकिरी चिखल दिसतो. पावसाळ्यात तर हा प्रयोग काढूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रात्री लाटा निळ्या चमकत असतील तर त्या पाण्यात बहुधा नॉक्टिल्युका हा चमकणारा एकपेशी जीव असतो. तो नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसतो, आणि मुलांना तो दाखवायची संधी अजिबात सोडू नये!

बाटली सावलीत ठेवून दोन तासांत नमुना बघा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा असेल तर फिकट चहाचा रंग येईपर्यंत लुगॉलचं आयोडीन (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) घाला. स्लाइडवरचा थेंब उन्हात वाळला की मिठाचे चौकोनी स्फटिक तयार होतात, आणि वहीत त्यांची चित्रं डायटम म्हणून उतरतात. जाड काळ्या कडेचे गोल हे हवेचे बुडबुडे. हे दोन्ही आधी मुद्दाम दाखवून ठेवावेत, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो.

फोनला चुंबकानं जोडून फोटो छान येतात. तीन-चार कॅमेऱ्यांच्या फोनवर कुठला कॅमेरा चालू आहे ते एकेकावर बोट ठेवून तपासा. फोनशिवाय, डोळा लावून बघताना भिंग सूर्याकडे कधीच धरू देऊ नका, मोकळ्या आकाशाकडे पुरे. काम झालं की भिंगाजवळचा भाग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा, नाहीतर मिठाचा पांढरा थर बसून चित्र धूसर होतं.

तीस मुलांच्या वर्गाला तिघांत एक असे दहा फोल्डस्कोप आणि दोन जाळ्या पुरतात. पैसे कमी पडत असतील तर फोल्डस्कोप कमी करा, जाळ्या नाही.