हेडमध्ये टॅप मोडलाय: कार्बाइडने कोरायचा की स्पार्कवर जाळायचा?

बाईकच्या इंजिनच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये, एक्झॉस्टच्या स्टडच्या भोकात आटे पाडायचा सहा मिलिमीटरचा टॅप मोडून बसलाय आणि आता पुढे काय, असं विचारणारे बरेच जण असतात. टॅप काढायचं चार बोटांचं एक्स्ट्रॅक्टर मिळतं, ते आधी लावून बघा, स्वस्त आहे, पण तुकडा आत थोडासा तरी हलत असेल तरच ते चालतं, घट्ट बसलेल्या टॅपवर त्याची बोटंच वाकतात. पंचने फोडायचा सल्ला मी तरी ॲल्युमिनियममध्ये देणार नाही, टॅपचे तुकडे होतात हे खरं पण ते आट्यांमध्येच रुततात. आणि तुरटीच्या गरम पाण्यात स्टील विरघळतं हेही खरंय, घड्याळवाले पितळेत अडकलेलं स्टील तसंच काढतात, पण आपल्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा बसवलेल्या असतात, त्यांनाही ते पाणी सोडणार नाही, शिवाय एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) टॅप विरघळायची वाट बघत बसणं वेगळंच.

म्हणजे खरी निवड दोघांतच. एकतर कार्बाइडचा बर किंवा एंडमिल, म्हणजे स्टीलपेक्षाही कडक असं फिरतं कटर लावून तुकडा कोरून काढायचा, नाहीतर स्पार्क इरोजनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू उडवणाऱ्या मशीनवर नेऊन जाळायचा. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर डोकं लावलं, आणि दोन्ही पद्धतींनी काढलेली भोकं बघितली आहेत, त्यावरूनच बोलतोय.

कार्बाइडच्या बाजूने बोलायचं तर सोय. डाय ग्राइंडर (बर फिरवायचा हातातला छोटा ग्राइंडर) घरात असेल तर संध्याकाळी बसून सुरू करता येतं, कुणाच्या मागे लागायला नको. टॅपचं एचएसएस साधारण 62-65 रॉकवेल कडक असतं, साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घासतं आणि निळं पडतं, कार्बाइड मात्र खरंच कापतं. मिलिंग मशीनवर हेड नीट बांधून, चांगला हात असलेल्या माणसाने हळूहळू टोचत नेलं तर काम स्वच्छ होतं, हे मी नाकारत नाही.

पण हाताने धरून करताना जी कटकट आहे तिनेच माझं मत फिरवलं. टॅपच्या तुकड्याचं तोंड कधी सपाट नसतं, एक कडा उंच, एक खाली, आणि मधे फ्लूटच्या खाचा. बर त्या कडेवर टेकला की निसटतो, आणि निसटून जातो कुठे तर बाजूच्या ॲल्युमिनियममध्ये, कारण तेच मऊ आहे. तुम्ही पुन्हा मधे आणता, तो पुन्हा तिकडेच जातो, आणि एकदा बाजूला खड्डा पडला की मग तो त्या खड्ड्यातच पळतो. आवाजावरून कळतं, स्टीलवर असेपर्यंत कर्कश किरकिर असते आणि अचानक आवाज मऊ येतो, तो मऊ आवाज आला की समजायचं आटे गेले. सहाच्या हेलिकॉइलला (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) साधारण 6.3 मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणजे मूळ आट्यांच्या बाहेर फारशी जागाच नसते, भोक एका बाजूला अंडाकृती झालं की हेलिकॉइललाही धरायला काही उरत नाही, आणि नवीन भोक तिरकं गेलं तर स्टड तिरका, मग सायलेन्सरचा फ्लँज एका बाजूने बसतो आणि गॅस्केटमधून फटफट सुरू. त्यात छोटा कार्बाइड जरा तिरका दाब पडला की मोडतो, आणि आता टॅपच्या वर कार्बाइड बसलेलं असतं.

स्पार्कला कडक-मऊचं काही देणंघेणंच नाही. तांब्याचा किंवा पितळेचा इलेक्ट्रोड तुकड्याला न टेकता जरा वर राहतो, मधल्या फटीत ठिणग्या पडतात आणि धातू कणाकणाने उडतो, जोर अजिबात लागत नाही म्हणून निसटायचा प्रश्नच येत नाही. या तंत्राची अमेरिकेतली सुरुवातच मुळात आपल्यासारख्या दुखण्यातून झाली, 1940 च्या दशकात स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांनी ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये मोडलेले टॅप आणि ड्रिल काढायला असं मशीन बनवलं होतं. सहाच्या टॅपला तीन-साडेतीन मिलिमीटरचा इलेक्ट्रोड पुरतो, तो फक्त टॅपचा मधला गाभा जाळतो. गाभा गेला की फ्लूटच्या मधले दात सुटे होतात, स्क्राइबरच्या टोकाने मधे ढकलायचे आणि चिमट्याने एकेक उचलायचे. माझ्या हेडमधून ते असेच निघाले, बारीक काळ्या पाकळ्या, आणि मागे आटे जसेच्या तसे, नुसते काळपट झालेले. रॉकेलने धुवून हवा मारली, मग नवीन टॅप नुसत्या बोटांनी फिरवत खालपर्यंत गेला. हेलिकॉइल लागलंच नाही.

त्रास नाही असं नाही. हेड उतरवावं लागतं, म्हणजे गॅस्केट आलं, टायमिंग चेन आली. पोर्टेबल टॅप बर्निंग मशीन असतात, पाण्यावर चालतात, पण त्यांचा बेस बहुतेक मॅग्नेटचा आणि आपलं हेड ॲल्युमिनियमचं, तेव्हा ते आधी लोखंडी प्लेटवर क्लॅम्प करावं लागतं. कारच्या मोठ्या इंजिनमध्ये हेड काढणं म्हणजे फार मोठं काम, तिथे जागेवरच कार्बाइडने प्रयत्न करणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. आणि स्पार्कचं मशीन असलेल्या, डायचं काम करणाऱ्या शॉपमध्ये तुमचा एक टॅप नेहमी रांगेत शेवटी असतो, फोन करत राहावं लागतं.

तरी बाईकचं हेड असेल, आणि भोसरी, सातपूर-अंबड किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या आसपास राहत असाल तर मी तरी डाय ग्राइंडरला हात लावायच्या आधी एखाद्या डाय-मोल्डवाल्याकडे चौकशी करीन. देताना दोन गोष्टी करून द्या. शेजारच्या चांगल्या भोकात एक सरळ स्टड बसवून द्या, एक्झॉस्टचं तोंड हेडच्या फेसला तिरकं असतं आणि ऑपरेटरला कोन पकडायला त्या स्टडचा मोठा आधार होतो. आणि भोक आतून बंद आहे की पोर्टमध्ये उघडतं ते आधीच सांगा, खोली किती तेही, म्हणजे तो कुठे थांबायचं ते ठरवून बसेल. आणि आधी कुणी त्यात बर फिरवून बाजूला खड्डा केला असेल तर तेही लपवू नका, इलेक्ट्रोड भोकाच्या मधोमध लावायचा की तुकड्याच्या, हे त्याला त्यावरच ठरवायचं असतं.